चूल आणि धुराडे: ओढ टिकवण्याची रीत

भारत सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ च्या सुमारास सुरू झाला आणि २००२ मध्ये गुंडाळला गेला. या काळात देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या, आणि महाराष्ट्रातल्या अनेक स्वयंपाकघरांत ‘निर्धूर चूल’ हा शब्द याच काळात रुळला. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने प्रसार केलेली दोन भांड्यांची लक्ष्मी चूल अनेकांनी पाहिली असेल: समोर जळण घालायचे तोंड, वर मुख्य भांड्याची जागा, तिच्या मागे वैल, म्हणजे दुसऱ्या भांड्याची जागा, आणि वैलाच्या पलीकडून छपराबाहेर जाणारे धुराडे. अशा घरांत आजही पाइप जागेवर असतो, पण त्याच्या मागची भिंत छतापर्यंत काळी झालेली असते आणि भाकऱ्या करणारी बाई पदराने डोळे पुसत असते.

असे का होते, याचा शोध ओडिशात घेतला गेला आहे. रेमा हन्ना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या सुमारे २,६०० कुटुंबांचा चार वर्षे पाठपुरावा केला आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. धुराड्याच्या चुलीमुळे स्वयंपाक करणाऱ्यांच्या शरीरात जाणारा धूर पहिल्या वर्षी कमी झाला; पुढे मात्र तो फरक ओसरला, कारण चुली नीट व नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची देखभाल झाली नाही. उज्ज्वला योजनेनंतर सिलिंडर घरोघर पोहोचला असला, तरी आंघोळीचे पाणी, भाकरी, गुरांचे आंबोण आणि सणावाराचा मोठा स्वयंपाक अजून चुलीवरच होतो. म्हणून चूल कशी बांधावी यापेक्षा बांधलेली चूल कशी राखावी, याच प्रश्नाला पुढे हात घातला आहे.

ओढ म्हणजे काय

धुराड्यातून धूर वर जातो, तो ओढीमुळे. नळीतली हवा तापली की पातळ आणि हलकी होते, बाहेरची गार हवा जड असते, आणि या फरकामुळे गरम हवा वर चढत राहते व तिच्या जागी चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत खेचली जाते. धुराडे जितके उंच आणि आतला धूर जितका गरम, तितकी ओढ चांगली. नळी अरुंद, वाकडी, फुटकी किंवा गार असेल तर ओढ मंदावते. चुलीची निगा राखणे म्हणजे ही ओढ राखणे होय, आणि पुढच्या सगळ्या सूचनांचे मूळ यातच आहे.

काजळीचा ओढीवर किती परिणाम होतो, हे साध्या हिशेबाने कळते. चार इंच व्यासाच्या नळीत चोहोबाजूंनी अर्धा इंच काजळी बसली, तर आत तीन इंचांची वाट उरते. ऐकायला हे फार वाटत नाही, पण नळीचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्यामुळे सोळा भागांपैकी नऊच भाग मोकळे राहतात, म्हणजे जवळजवळ ४४ टक्के वाट बंद झालेली असते.

ओढ तपासायला उपकरण लागत नाही. चूल पेटवण्यापूर्वी पेटती उदबत्ती चुलीच्या तोंडाशी धरावी आणि वैलावर भांडे किंवा झाकणी ठेवावी. धुराची रेघ आत वळली तर धुराडे मोकळे आहे. ती सरळ वर गेली किंवा उलट स्वयंपाकघरात आली, तर एक तर नळी तुंबली आहे, नाही तर खोलीतली हवा दुसरीकडून खेचली जात आहे.

ही दुसरी शक्यता बहुतेकांच्या लक्षात येत नाही. माझ्या मावशीच्या घरी स्वयंपाकघराला फरशी लावली, खिडकीला सरकत्या काचा बसवल्या आणि वर एक्झॉस्ट पंखा बसवला. त्या दिवसापासून चूल धुरकटू लागली. दोन महिने चुलीला नावे ठेवून झाली, तिचे तोंड फोडून पुन्हा लिंपले, शेवटी एका सकाळी वीज गेली आणि धूर मुकाट्याने धुराड्यातून वर जाऊ लागला. खिडक्या बंद असताना पंखा खोलीतली हवा बाहेर फेकतो आणि त्या हवेची भरपाई धुराड्यातूनच उलटी होते. चूल पेटलेली असताना असा पंखा बंद ठेवावा आणि दाराखालून किंवा खिडकीच्या फटीतून हवा आत येऊ द्यावी.

रोजची देखरेख

सकाळी चूल पेटवण्याआधी कालची राख काढावी. चुलीत लोखंडी जाळी असेल तर तिच्या फटी चिमट्याच्या टोकाने मोकळ्या कराव्यात, कारण खालून हवा मिळाली नाही तर जळण धुमसत राहते आणि धुमसणाऱ्या जळणाचाच धूर नळीत काजळी धरतो. जाळी नसलेल्या चुलीत अर्धा-एक इंच राखेचा थर राहू द्यायला हरकत नाही. त्याने तळ तापलेला राहतो. त्याहून अधिक राख साठली की आतली जागा कमी होते आणि लाकडे तोंडाबाहेर येऊन जळू लागतात.

वैल उघडा ठेवून चूल कधीही पेटवू नये. वैलावर काही शिजवायचे नसेल तर पाण्याचे पातेले ठेवावे किंवा झाकणीने तो बंद करावा. उघड्या वैलातून धूर खोलीत येतो हे दिसते. शिवाय तिथून गार हवा थेट धुराड्यात शिरते आणि ओढ मोडते, हे मात्र दिसत नाही. भांडे आणि चुलीची कड यांच्यात फट राहत असेल, तर कडेला ओली माती लावून भांड्याच्या मापाची कड करून घ्यावी. लहान भांड्यांसाठी मातीचे किंवा लोखंडाचे कडे वेगळे ठेवलेले चांगले.

काढलेली राख विझली आहे, असे डोळ्यांवरून ठरवू नये. राखेच्या पोटात निखारा दुसऱ्या दिवसापर्यंतही जिवंत राहू शकतो. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरावी आणि डबा फरशीवर, लाकडापासून लांब ठेवावा. प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा पाटीत भरून ती गोठ्याच्या मागच्या उकिरड्यावर टाकण्याची सवय अनेक घरांत आहे. वैशाखात त्या उकिरड्याशेजारी पेंढ्याची उडवी असते, त्यामुळे ही सवय सोडलेलीच बरी.

तापलेल्या चुलीवर पाणी ओतून ती विझवू नये; माती किंवा सिमेंट एकदम गार होऊन तडकते. जळणाची टोके बाहेर ओढून कोलिते अंगणात मातीत खुपसून विझवावीत. तडे गेलेच तर चूल गार झाल्यावर ते ओले करून माती, शेण आणि भाताचे तूस किंवा भुस्सा यांच्या मळलेल्या गोळ्याने भरावेत. वारुळाची माती मिळाली तर ती यासाठी उत्तम. विस्तवाजवळच्या तड्यात साधे सिमेंट भरू नये. तापल्यावर त्याची बळकटी जाते आणि थोड्याच दिवसांत त्याची खपली निघते.

जळण

धुराड्याची निम्मी निगा सरपणाच्या खोपीतच होते, असे म्हणायला हरकत नाही. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. असे लाकूड चुलीत घातले की विस्तवाची बरीचशी उष्णता ते पाणी उकळण्यात जाते, धूर गार राहतो, आणि न जळलेले तेलकट अंश त्याच्याबरोबर वर चढतात. धूर सुमारे १२० अंश सेल्सियसच्या खाली उतरला की हे अंश नळीच्या आतल्या अंगावर द्रवरूपाने साचू लागतात आणि पुढे त्यांचे डांबर होते. याच डांबराला एखाद्या दिवशी आग लागते.

लाकूड फोडून, सालीकडची बाजू वर करून, जमिनीपासून हातभर उंचीवर रचावे, आणि त्यावर पत्रा असला तरी बाजूंनी वारा खेळता राहू द्यावा. फांद्या एका उन्हाळ्यात वाळतात. ऐन, किंजळ, बाभूळ यांसारख्या जड लाकडांच्या जाड ओंडक्यांना वर्षभर लागते. ओलावा वीस टक्क्यांच्या आत आला की जळण तयार झाले, असे धरतात. घरी तपासण्याची रीत जुनीच आहे: दोन फोडी एकमेकींवर आपटाव्यात, खणखणीत आवाज आला आणि टोकांना चिरा दिसल्या तर लाकूड वाळले, बद्द आवाज आला तर ते परत ठेवावे. पावसाळ्याचे जळण आदल्या वैशाखात खोपीत गेले पाहिजे, हे कोकणात सांगावे लागत नाही. पण चुलीशेजारी किंवा चुलीवरच्या फळीवर ओली लाकडे वाळत घालण्याची सवय मात्र सांगून सोडवावी लागते. चुलीपासून तीन फुटांच्या आत लाकूड, गोवऱ्या, केरसुणी, रॉकेलची बाटली किंवा वाळत घातलेला टॉवेल यांपैकी काहीही असू नये.

पऱ्हाट्या आणि तुराट्या झटकन पेटतात व झटकन संपतात. त्या एका वेळी मूठभर घालाव्यात. तोंड गच्च भरले की हवा कोंडते आणि ज्वाळा नळीत शिरते. नारळाच्या झावळ्या आणि सोडणे पेटवणासाठी चांगली, पण सोडणे ओली असतील तर त्यांच्याइतका धूर दुसरे काही करत नाही. काजूची टरफले घरातल्या चुलीत घालू नयेत. त्यांच्यातले तेल कातडी भाजणारे असते, त्याचा धूर डोळे-नाक जाळतो आणि नळीत चिकट थर सोडतो. बिब्बाही त्याच कुळातला, तोही टाळावा. कण्हेरीच्या काटक्या विषारी असतात. त्या चुलीपासून दूरच ठेवाव्यात. समुद्रावर वाहून आलेले किंवा जुन्या होडीचे लाकूड फुकट मिळते खरे, पण त्यातले मीठ पत्र्याचा पाइप लवकर गंजवते आणि त्याचा धूरही अधिक घातक असतो. रंग दिलेल्या फळ्या, प्लायवूड आणि पेटवणासाठी वापरली जाणारी दुधाची पिशवी, यांना चुलीत जागा नाही. प्लॅस्टिकचा धूर विषारी असतो आणि तो आधी पेटवणाऱ्याच्याच नाकात जातो.

धुराडे झाडणे

रोज दोन वेळा पेटणाऱ्या चुलीचे धुराडे महिन्यातून एकदा झाडावे, आणि पावसाळ्यात, किंवा जळण ओलसर असेल तेव्हा, पंधरा दिवसांनी. महामार्गावर ‘चुलीवरचे जेवण’ अशी पाटी लावलेल्या खाणावळींत चूल दिवसभर पेटलेली असते आणि काजळीत तेलाची वाफ मिसळते; तिथे दर आठवड्याला झाडणे गरजेचे आहे. तारखेवर विसंबायचे नसेल तर काजळीची जाडी पाहावी: पाइपाच्या आतल्या अंगावर खिळ्याने रेघ ओढावी, आणि थर तीन मिलिमीटर भरला तर दिवस मोजत बसू नये. झाडल्याची तारीख धुराड्यामागच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवली तर घरात वाद होत नाही.

साधन घरी करता येते. नारळाच्या सोडणाचा काथ्या पिंजून, पाइपाच्या व्यासापेक्षा अर्धा इंच जाड होईल असा घट्ट गुंडाळा बांधावा, त्याच्या दोन्ही टोकांना सुंभाच्या लांब दोऱ्या बांधाव्यात आणि खालच्या दोरीला शेर-दीड शेर वजनाचा गोल दगड लावावा. एक माणूस वरून आणि एक खालून दोरी ओढतो, त्यामुळे गुंडाळा अडकला तरी सोडवता येतो. छपरावर चढणे शक्य नसेल, तर बांबूच्या लवचिक कांबीला हाच गुंडाळा बांधून खालून वर सारावा. त्यासाठी धुराड्याच्या बुडाशी एक भोक ठेवून ते एरवी मातीच्या बुचाने बंद करण्याची सोय असावी; नसेल तर पहिल्याच सफाईच्या दिवशी करून घ्यावी.

चूल आदल्या रात्रीपासून गार असली पाहिजे. श्रावणातल्या शीतळा सप्तमीला चूल पेटवत नाहीत, तिची पूजा करतात आणि आदल्या दिवशीचे अन्न खातात. आषाढाच्या धुराने नळी भरलेली असते, त्यामुळे पावसाने उसंत दिली तर या दिवसाचा उपयोग सफाईला करता येतो. आमच्याकडे पूजेच्या आधी चुलीच्या पोटातून काढलेली काजळी मोजून पाहायची खोड वडिलांना होती आणि एका श्रावणात ती पाऊण घमेले भरली होती. सफाईच्या आधी स्वयंपाकघरातली भांडी आणि धान्य बाहेर काढावे, चुलीच्या तोंडाला ओले गोणपाट लावावे, वैल झाकावा. नाक-तोंड एन-९५ मुखपट्टीने झाकावे, निदान ओल्या फडक्याचे दोन पदर बांधावेत, आणि काम संपल्यावर लगेच आंघोळ करावी. हा सोवळेपणा नव्हे: काजळीने कर्करोग होतो, हे लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी झाडणाऱ्यांच्या आजारावरूनच दाखवून दिले होते.

छपरावर चढणे हा या कामातला सर्वांत धोक्याचा भाग आहे. कौलांवर किंवा सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये. सिमेंटचा जुना पत्रा माणसाच्या वजनाखाली न करकरता फुटतो. शिडी भक्कम असावी, ती धरायला दुसरा माणूस असावा, वाशांच्या रेषेत आडवी फळी टाकून तिच्यावरूनच पुढे जावे, आणि घरात येणारी विजेची तार कुठून जाते ते आधी खालून पाहून ठेवावे. पावसात किंवा शेवाळ धरलेल्या कौलांवर चढूच नये.

वरची टोपी काढली की आधी आत डोकवावे. मैनेचे घरटे, कुंभारीण माशीची मातीची घरे, वाळलेली पाने, क्वचित अडकलेली पाल असे काहीही निघते आणि उन्हाळाभर बंद राहिलेल्या चुलीत हमखास निघते. टोपीची जाळी तपासावी. काजळी सर्वांत आधी तिथे धरते, आणि नळी मोकळी असूनही चूल धुरकटण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. मग गुंडाळा सोडून, घाई न करता, सात-आठ वेळा वर-खाली करावा. सुरुवातीला आत सरसर आवाज येतो आणि नंतर थांबतो. आवाज थांबला म्हणजे काम झाले असे नाही, कारण सगळी काजळी आता वळणापाशी आणि मुख्य चूल ते वैल यांमधल्या बोगद्यात साचलेली असते. तिथे हात घालून किंवा लांब दांड्याच्या उलथन्याने ती ओढून काढावी. हा बोगदा झाडायचा राहून गेला की धुराडे झाडूनही ओढ सुधारत नाही आणि मग लोक म्हणतात, ‘झाडून काही फायदा झाला नाही.’

निघालेली काजळी नीट पाहावी. चूल कशी वापरली जाते, ते ती सांगते. मऊ, बोटाला लागणारी काळी पूड निघाली तर सगळे ठीक आहे. कुरकुरीत, खपल्यांसारखे तुकडे निघाले तर जळण ओले आहे किंवा चूल धुमसत ठेवली जाते. काचेसारखा चकाकणारा, नखाने न निघणारा डांबरी थर दिसला तर मात्र थांबावे: तो काथ्याने निघत नाही, आणि तो जाळून टाकण्यासाठी नळीत पेंढ्याचा जाळ करणे म्हणजे आपणहून आग लावणे आहे. तेवढा पाइप बदलणे हाच त्यावरचा उपाय.

जुन्या निर्धूर चुलींना बहुधा ॲसबेस्टॉस-सिमेंटचे पाइप आहेत. ते शाबूत असतील तर फक्त मऊ काथ्याने, आतून पाणी शिंपडून झाडावेत. लोखंडी ब्रश, कानस किंवा करवत त्यांना लावू नये, कारण त्यांचे सूक्ष्म धागे श्वासातून फुप्फुसात जाऊन राहतात. पाइप तडकला असेल तर तो जोडत बसण्याऐवजी ओला करून अखंड उतरवावा, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावा आणि मुले खेळतात तिथे फोडून टाकू नये.

पाइप आणि छप्पर

नवीन पाइप घेताना विस्तवाजवळचा पहिला तीन-चार फुटांचा तुकडा साध्या काळ्या पत्र्याचा किंवा स्टेनलेस स्टीलचा असावा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा स्वस्त मिळतो, पण जस्त सुमारे ४२० अंशांना वितळते आणि फार तापल्यास त्याच्या वाफांनी ताप भरतो. तो वरच्या, गार राहणाऱ्या भागालाच ठीक. पाइपांचे सांधे जोडताना वरच्या तुकड्याचे टोक खालच्याच्या आत जाईल, असे बसवावेत, म्हणजे आत सुटणारे डांबर बाहेर ओघळत नाही. वळण घ्यावेच लागले तर ते काटकोनी न घेता तिरके घ्यावे, आणि दोनाहून अधिक नसावे.

धुराडे छप्पर ओलांडते ती जागा मी सर्वांत आधी पाहतो. एकपदरी पत्र्याच्या पाइपापासून वासे, रीपा, आढे, कुडाची भिंत असे जळणारे काहीही दीड फुटाच्या आत असू नये. इतकी जागा नसेल तर पाइपाभोवती मोठ्या व्यासाची पत्र्याची बाही घालून मधली पोकळी हवेसाठी मोकळी ठेवावी. ती पोकळी भुस्सा, चिंध्या किंवा थर्माकोलने भरू नये. वर्षानुवर्षे मंद तापत राहिलेले लाकूड कोळशासारखे होते आणि नव्या लाकडापेक्षा कमी उष्णतेला पेट घेते, म्हणून ‘वीस वर्षे काही झाले नाही’ हा युक्तिवाद इथे उलटा पडतो. वाशाला हात लावून पाहावा: चूल चांगली पेटलेली असताना तिथे हात ठेववत नसेल, तर अंतर कमी आहे.

छपराबाहेर पाइप जिथून निघतो तिथून तो निदान तीन फूट वर असावा, आणि दहा फुटांच्या परिघातल्या कोणत्याही आढ्यापेक्षा किंवा भिंतीपेक्षा दोन फूट उंच असावा. नाही तर वारा छपरावर आपटून खाली वळतो आणि धूर परत घरात ढकलतो. वर टोपी हवीच, आणि शेजारी गवताचे छप्पर किंवा पेंढा असेल तर ठिणग्या अडवणारी जाळीही हवी. मृगाच्या आधी पाइपाभोवतीचा गळतीरोधक लेप तपासावा, कारण काजळीत पाणी मुरले की आम्लधर्मी काळा रस तयार होतो आणि तो पत्रा आतून खातो. बाहेरून धडधाकट दिसणारा पाइप नखाने टोकरून पाहावा.

पावसाळ्यात नळी गार आणि जड हवेने भरलेली असते, आणि पहिला धूर घरात येतो. अशा वेळी मोठी लाकडे रचण्याआधी वाळलेल्या झावळीची चूड पेटवून ती धुराड्याच्या बुडाशी मिनिटभर धरावी. नळी तापली की ओढ सुरू होते.

न दिसणारा वायू

धूर दिसतो, म्हणून माणूस खिडकी उघडतो. निखाऱ्यांचा धूर दिसत नाही. अर्धवट जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग किंवा वास नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे आणि घरातल्या अनेकांना एकाच वेळी तसे वाटणे, ही त्याची खूण आहे. अशा वेळी सर्वांनी तत्काळ बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. ‘पित्त झाले असेल’ म्हणून पुन्हा आत जाऊन झोपू नये.

निखारे लाल असेपर्यंत धुराडे बंद करू नये, टोपीवर गोणपाट टाकू नये. थंडीत चुलीतले निखारे शेगडीत भरून झोपायच्या खोलीत नेण्याची पद्धत तर पूर्णपणे बंद झाली पाहिजे. तांब्याच्या बंबाचीही गोष्ट तीच: त्याच्या मधल्या नळीला बाहेर जाणारा पाइप जोडलेला नसेल, तर तो न्हाणीत पेटवू नये, ओट्यावर किंवा अंगणात पेटवावा.

धुराड्याला आग लागली तर

धुराड्याला आतून आग लागली की प्रथम आवाज येतो: नळीतून वारा घोंघावत गेल्यासारखा, वाढत जाणारा. बाहेरून टोपीतून ठिणग्या उडताना दिसतात, पाइप लाल होतो किंवा थरथरतो. आत तापमान हजार अंशांच्या घरात जाऊ शकते, आणि ॲसबेस्टॉस-सिमेंटचा पाइप अशा वेळी फुटून तुकडे उडतात.

सर्वांत आधी मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना घराबाहेर काढावे आणि १०१ किंवा ११२ ला फोन करावा. नंतर, सुरक्षितपणे शक्य असेल तरच, चुलीतल्या विस्तवावर कोरडी माती किंवा राख टाकावी, चुलीचे तोंड पत्र्याने झाकून त्यावर ओले गोणपाट टाकावे आणि वैलही बंद करावा. हवा तुटली की आग मंदावते. तापलेल्या नळीत वरून किंवा खालून पाणी ओतू नये: पाण्याची क्षणात वाफ होऊन पाइप फुटतो आणि ओतणारा भाजतो. पाणी ओतायचेच असेल तर ते पाइपापासून लांबच्या छपरावर, शेजारच्या पेंढ्यावर ओतावे. कोणी भाजलेच तर भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, शाई, हळद किंवा तूप लावू नये.

आग विझल्यावर घर लगेच निर्धास्त होत नाही. वाशांच्या आत धुमसत राहिलेली ठिणगी चार-सहा तासांनीही पेट घेते, म्हणून त्या रात्री एकाने जागे राहून दर अर्ध्या तासाने माळ्यावर आणि छपराच्या भोकापाशी हात फिरवून पाहावा. दुसऱ्या दिवशी उजेडात प्रत्येक सांधा, प्रत्येक तडा आणि चुलीच्या आतला बोगदा तपासावा. पाइप वाकलेला, तडकलेला किंवा रंग बदललेला असेल तर तो पुन्हा वापरू नये. नवा बसेपर्यंत अंगणात, वाऱ्याच्या आडोशाला तीन दगड मांडून स्वयंपाक करावा.